हळवा आधी, गरवा मागून

परतीच्या पावसावर माझा कधीच विश्वास बसला नाही. आषाढातला पाऊस तोंडावर भांडणारा. येतो, कोसळतो, सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत आणून सोडतो. त्यात लपवाछपवी नाही. परतीच्याचं तसं नसतं. तो सकाळी स्वच्छ ऊन पाडतो, माणसांना विळे घेऊन शेतात उतरवतो, कापलेलं भात जमिनीवर पसरेपर्यंत दम धरतो, आणि दुपार कलली की पोलादपूरकडच्या डोंगरांमागून हळूच मान वर काढतो. आधी नुसता गडगडाट ऐकू येतो. तो ऐकला की अजूनही माझा हात आपोआप भिंतीवरच्या विजेच्या बटणाकडे जातो.

आजही गेला. भावाची नात माझ्याशेजारी बसून मोबाईलवर बुद्धिबळ खेळत होती. तिनं प्यादं सरकवून बोट उचललं नाही तोवर समोरून घोडा येऊन बसला.

"आजी, बघ किती फास्ट!"

मी चष्मा सारखा केला. "एवढ्यात त्यानं सगळ्या चाली बघितल्या?"

"बघितल्या असतील की."

"असतील म्हणजे? एखादी गाळली नसेल कशावरून?"

दुधात पाणी आहे का असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे गवळी बघतो, तसं तिनं माझ्याकडे बघितलं. मला हसू आलं. हा प्रश्न माझा नव्हताच. तो खरे साहेबांचा होता, आणि एका परतीच्या पावसात त्यांनी तो मला इतक्यांदा विचारला होता की अजून माझ्या तोंडून तो त्यांच्याच आवाजात निघतो.

ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं. बिरवाडीच्या बाजूला नवे नवे कारखाने उभे राहत होते. सकाळी बस कारखान्यांच्या जवळ आली की आधी वास यायचा, मग चिमण्या दिसायच्या. वासावरून कुठल्या कारखान्यात काय शिजतंय ते ओळखायची पैज लागायची बसमध्ये. मी मूळची तुडीलची. महाडच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं आणि त्यातल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले. बिरवाडीत एका मावशींच्या घरी खोली घेतली होती. नोकरी अजून पक्की नव्हती. दिवाळीच्या सुमारास पक्कं करू, असं सांगितलं होतं. आणि सांगणाऱ्यानं ते माझ्याकडे न बघता सांगितलं होतं, हे मी लक्षात ठेवलं होतं.

असल्या गोष्टी मी लक्षात ठेवते. स्वभावच तो. पण स्वभाव काही आभाळातून पडत नाही. तुडीलच्या वाटेनं आमच्या बौद्धवाडीत शिरलं की पहिलं घर आमचं. गावात कुणाची कोंबडी नाहीशी झाली, विहिरीवरचा दोर गेला, कुणाच्या कलमावरचे आंबे उतरले, की चौकशी वाडीत यायची आणि वाडीत आली की पहिल्या घरापासून सुरू व्हायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, पोलादपूरकडच्या एका डोंगरातल्या शाळेत मास्तर होते. शनिवारी घरी यायचे. सदरा खुंटीला लावून पट मांडायचे आणि मला समोर बसवायचे. चौकशीवाले अंगणात आले तर आप्पा पटावरची नजर न काढता म्हणायचे, "बसा. चाल संपू द्या." माझी चाल असली की ते मला म्हणायचे, "खेळण्याआधी एवढंच बघ, समोरच्याला काय खायला मिळतंय. स्वतःची हुशारी नंतर." अंगणात ती माणसं, इकडे हे वाक्य. मी तर लहानपणी समजत होते की बुद्धिबळ हा संशयाचाच खेळ आहे. अजूनही फारसं मत बदललेलं नाही.

खरे साहेब पुण्याचे. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. उंच, किडकिडीत, बोलताना पेनाचं टोपण काढायचे आणि लावायचे. लॅबमधल्या जोश्यांना ते 'अहो जोशी' म्हणायचे आणि मला 'अगं साळवे'. जोशी माझ्यानंतर लागलेले. हेही मी लक्षात ठेवलं होतं.

त्या वर्षी कंपनीनं कॉम्प्युटर घेतला. बॅचचे हिशेब करायला, असं कागदोपत्री. तो ठेवला आमच्या तराजूच्या खोलीत, कारण साऱ्या कारखान्यात गार हवेचं यंत्र तेवढ्या एका खोलीत होतं. टीव्हीसारखा पडदा, खाली कळफलक आणि प्रोग्रॅम साठवायला एक साधा टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की आतून रातकिड्यांचा थवा ओरडावा तसा आवाज यायचा आणि त्या आवाजातून प्रोग्रॅम मशीनमध्ये उतरायचा. आवाज थोडा लहानमोठा झाला तर उतरायचा नाही. ते बटण नेमकं कुठं ठेवायचं हे माझ्या हाताला जमलं होतं, म्हणून त्या खोलीत मला जागा मिळाली. नाहीतर मी तिथं केवळ वजनं करायला जाणारी.

बॅचचे हिशेब लवकरच मागे पडले. साहेबांना बुद्धिबळाचं वेड. कुठल्याशा परदेशी मासिकात छापलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम त्यांनी पावसाळाभर एकेक ओळ टाईप करून मशीनमध्ये घातला होता. आणि धाकटे मालक, म्हणजे मुंबईला राहणारे मालकांचे चिरंजीव, तेही पटाचे शौकीन. दिवाळीच्या आधी ते कारखान्यात यायचे होते. त्यांच्यापुढं मशीनला खेळवायचं, ही साहेबांची हौस. अडचण एवढीच होती की मशीन एका चालीला भयंकर वेळ लावायचं. चहा यायचा, आम्ही तो प्यायचो, पोऱ्या कप विसळून ठेवायचा, आणि मशीन अजून विचारात. मालक तोवर मुंबईला परत पोचले असते.

"गाढवासारखं काम करतंय," साहेब म्हणायचे. मला ते खरं वाटायचं नाही. गाढवाला निदान वाट तरी ठाऊक असते.

मी वजनं करता करता बघायचे. प्रोग्रॅमची रीत अशी होती: आपण एक चाल करायची, त्यावर समोरचा काय काय करील ते बघायचं, त्यावर पुन्हा आपण काय करू ते बघायचं. तीनच पावलं, पण प्रत्येक पावलाला ढीगभर वाटा. त्यात एक सोय मात्र होती. आपल्या चालीवर समोरच्याची एक जरी सणसणीत तोड सापडली, तर ती चाल तिथंच बाद. बाकीच्या तोडी शोधत बसायचं कारण नाही. वजीर जातोय हे कळल्यावर प्यादंही जाईल का, हे कोण विचारतं? पण ही सोय कामी यायची तर ती तोड लवकर सापडायला हवी. आमचं मशीन चाली तपासायचं पटाच्या डाव्या कोपऱ्यापासून, घरामागून घर, अगदी ओळीनं. उजव्या टोकाला शत्रूचा उंट आपल्या वजिरावर डोळा ठेवून बसलेला असला, तरी हे आधी डाव्या कडेच्या प्याद्याची विचारपूस करणार. याला संशय घेताच येत नाही, असं मला वाटलं. सगळ्यांवर सारखा संशय म्हणजे कुणावरच नाही.

त्या रविवारी कापणीसाठी तुडीलला गेले होते. आमची जमीन थोडकी. वरच्या अंगाला चार खाचरं, खाली पाणथळीत तीन. वरच्यांत हळवं भात, म्हणजे लवकर पिकणारं. खालच्यांत गरवं, म्हणजे सावकाश पिकणारं. भाऊ वाटेच्या कडेनं सुरू झाला होता आणि सरळ रेषेत कापत चालला होता, हळवं काय नि गरवं काय. आभाळ डोंगराच्या बाजूनं काळवंडायला लागलं. आई बांधावर उभी राहून ओरडली.

"आरं, असा एका टोकापास्नं कापत चाललास तर तिकडं हळवा आडवा व्हईल ना! हळवा आधी, गरवा मागून. गरवा अजून हिरवा हाय, त्याला काय व्हतंय?"

"येतो गो तिकडं बी."

"तू येशील, पाऊस थांबतोय व्हय? आन् त्या शेजाऱ्याच्या बांधाकडचा पयला घे. त्याची ढोरा गेल्या सालीबी तिथनंच शिरली हुती."

आईला पावसापेक्षा शेजाऱ्याच्या बैलांचा संशय जास्त. आमच्या घराण्यात हे दोन्ही बाजूंनी आलेलं आहे.

मला त्या क्षणी काही उमगलं वगैरे नाही. माझी कंबर दुखत होती आणि पावसाच्या आत भारे उचलायचे होते. उमगलं ते सोमवारी, बसमध्ये, कुणाच्या तरी पिशवीतल्या ओल्या कोथिंबिरीचा वास घेत उभी असताना. आमचं मशीन भावासारखं कापत होतं.

मग मी चालींचे दोन भाग केले. मारामारीच्या चाली हळव्या, त्या आधी. त्यातही लहान मोहऱ्यानं मोठा मोहरा खायचा असेल तर ती सगळ्यांत पुढं, कारण प्याद्यानं वजीर मारणं याहून पिकलेलं काय असणार? त्यांच्या पाठोपाठ शेजाऱ्याच्या बैलांचा नंबर: मघाशी समोरच्याच्या ज्या चालीनं आपली एक चाल पाडली, तीच पुढच्या चालीवरही लावून बघायची. गेल्या खेपेला ढोरं जिथून शिरली ती जागा आधी. उरलेल्या साऱ्या चाली गरव्या. त्या सोडायच्या नाहीत, फक्त मागं ठेवायच्या. दोन्ही याद्यांना नावं हवी होती आणि मशीनला इंग्रजीची मोठी अक्षरं तेवढी येत होती. मी एकीला HALVA म्हटलं, दुसरीला GARVA. ळ त्या मशीनमध्ये नव्हता. त्याची तिथं कुणाला गरज पडेल असं बनवणाऱ्याला वाटलं नसावं.

साहेबांना विचारून त्यांच्या प्रोग्रॅमची दुसरी कॅसेट केली आणि तीत बदल केले. संध्याकाळी बसच्या आधी त्यांच्यासमोर चालवून दाखवलं. साहेबांनी चहा सांगितला. चहा यायच्या आत चाल आली.

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं.

"काहीतरी खाल्लंयस तू."

"काय साहेब?"

"चाली. हे सगळ्या चाली बघत नाहीये. एखादी गाळली नाहीस कशावरून?"

"बघण्यासारख्या सगळ्या बघतंय साहेब. फक्त नंबर बदललाय."

"उत्तर तेच आणि वेळ निम्म्याच्या निम्मा? अगं, बॅच लवकर झाली असं कुणी मला सांगितलं, की मी आधी हे विचारतो, कुठली पायरी गाळली? आणि दर वेळी गाळलेली निघते. दर वेळी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आज चाली गाळशील, उद्या टायट्रेशनची रीडिंग्ज गाळशील. घरी बसून रिझल्ट लिहिणारी माणसं मी पाहिलीत. दिवाळीला तुझ्या कागदावर सही मला करायची आहे, साळवे."

आता गोष्ट खेळाची राहिली नव्हती. लॅबमधल्या माणसाचं नाव एकदा 'रीडिंग लिहितो' म्हणून गेलं की त्याला त्या पट्ट्यात कुठला कारखाना दारात उभा करत नाही. मी काहीही गाळलं नव्हतं आणि तरी मला ते सिद्ध करायचं होतं. ही रीत मला ओळखीची होती. अंगणात माणसं आली होती आणि पहिलं घर माझं होतं.

मग सुरू झाली तपासणी. साहेब पटावर एखादी स्थिती मांडायचे. जुन्या कॅसेटवर मशीन काय खेळतं ते बघायचं, मग नवी कॅसेट लावून तीच स्थिती. रोज दुपारनंतर. आणि रोज दुपारनंतर तो गडगडाट. जुना प्रोग्रॅम चालीच्या अगदी तोंडाशी आला की लाईट जायची, पडदा काळा व्हायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. साहेब अंधारात म्हणायचे, "वेळेवर गेली हं लाईट." जणू तीही मी घालवली होती. खिडकीतून समोरच्या खाचरात कुणीतरी धावत भारे गोळा करताना दिसायचं. तिकडे आई काय करत असेल, हळवं उचललं असेल का, असं मनात यायचं. पण रजा मागायची सोय नव्हती. तपासणी चालू असताना जो रजा मागतो त्याच्यावर पहिला संशय.

उशीर व्हायला लागला तशा मावशीही दारात उभ्या राहू लागल्या. "रोजचा काय उशीर हाय गो तुझा? काय काम काडतो तो सायब?"

"बुद्धिबळ, मावशी."

मावशींनी माझ्याकडे जे बघितलं, त्यापेक्षा मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "त्या खऱ्या सायबाचा काय खरा नाय गो. जपून ऱ्हा."

बहुतेक स्थितींत दोन्ही कॅसेटींचं उत्तर एकच आलं. मला जरा श्वास घेता यायला लागला, आणि नेमकं तेव्हाच ते झालं. जुनं मशीन म्हणालं, उंट मागं घ्या. नवं म्हणालं, घोड्यानं प्यादं मारा.

"सापडलं!" साहेब म्हणाले. किती मोकळा झाला त्यांचा चेहरा! हरवलेली वस्तू अपेक्षित घरात मिळाली की माणसांचा होतो तसा. क्षणभर मलाच वाटलं, खरंच गाळली असेल का एखादी? संशयाची हीच तर गंमत आहे. तो समोरून येतो आणि आपल्याच घरात राहायला लागतो.

मी म्हटलं, "साहेब, दोन्ही चालींची किंमत छापून बघू या." प्रत्येक चालीला मशीन शेवटी गुण देतं आणि सगळ्यांत जास्त गुणांची चाल खेळतं. बघितले. उंटाला आणि घोड्याला अगदी सारखे गुण.

"दोघं बरोबरीचे आहेत साहेब. जुनं मशीन डावीकडून येतं, त्याला उंट आधी भेटला. माझ्यात मारामारी आधी, म्हणून घोडा आधी भेटला. आणि बरोबरीचे दोघं असले तर आधी भेटला तो ठेवायचा, दुसऱ्यासाठी त्याला उठवायचं नाही, असं मूळ प्रोग्रॅममध्येच लिहिलंय."

साहेबांनी ती ओळ काढून वाचली. पुन्हा वाचली. "हं," म्हणाले. मी जोश्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. बरोबरीच्या दोघांत, मागून आलेला का असेना, बघणाऱ्याला जो आधी दिसला त्याची जागा, हा नियम फक्त पटावरचा नाही, हे मला त्या खोलीत बसून चांगलंच कळत होतं.

चाली गाळल्याचा संशय असा मिटला. पण संशयी माणूस हातची जागा गेली म्हणून बसत नाही, पुढच्या घराकडे वळतो. हे मी माझ्यावरून सांगते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "कुणाकडून आणलंस हे?"

"कुणाकडून नाही."

"मुंबईला कुणी आहे का तुझं? कॉलेजातले सर? नाहीतर पलीकडच्या कारखान्यातला तो नवा इंजिनिअर?"

"नाही साहेब."

"मग मासिकातलं असणार. अशा गोष्टी मासिकात येतात." आणि त्यांचं समाधान झालं. उत्तर सापडल्यावर पुढच्या चाली बघायच्या नसतात. त्यांच्या यादीत आणखी एक शक्यता होती; पण ती अगदी तळाशी होती आणि तिथवर ते पोचलेच नाहीत.

मला तेव्हा आप्पांची फार आठवण आली. कुणाला तरी आधी तपासणं यात वाईट काही नाही. मी स्वतः मशीनला तेच शिकवलं होतं: संशय कुणावर आधी घ्यायचा ते ठरव. पण माझं मशीन ज्या चालीवर आधी संशय घ्यायचं, तिला तपासायचं. पूर्ण. तीन पावलं पुढं जाऊन, गुण मोजून. ती निर्दोष निघाली तर मुकाट्यानं पुढच्या चालीकडे जायचं, आणि मागच्या चालीबद्दल मनात काही ठेवायचं नाही. माणसं आधी नाव घेतात आणि तिथंच थांबतात. आमच्या अंगणात आलेल्यांपैकी दुसऱ्या घरी गेलेला माणूस मला आठवत नाही.

धाकटे मालक यायच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "उद्या तू लॅबमध्येच थांब. तिकडे गर्दी नको." झालं! माझ्या मनात मावशींचं वाक्य वाजलं. मासिकातून उतरवलेली गोष्ट म्हणजे कुणाचीच नाही. आणि जी कुणाचीच नाही ती साहेबांची व्हायला काय हरकत? रात्री जेवण गेलं नाही. मला राग आला होता. चोरी माझ्या घरी शोधली आणि आता माझ्याच घरून वस्तू उचलून नेत होते.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये ब्युरेट भरत उभी होते आणि तराजूच्या खोलीची काच समोर होती. धाकटे मालक खुर्चीत, साहेब मागं उभे. मालक खेळत होते आणि मशीन झटपट उत्तरं देत होतं. त्यांचा आवाज बाहेर येत होता. "इतना फास्ट? खरे, काहीतरी छुपाया है तुम्ही." म्हणजे तेही संशयाच्याच गावचे! मग पोलादपूरच्या बाजूनं तो ओळखीचा गडगडाट आला, आणि लाईट गेली.

परतीचा पाऊस पहिल्यांदाच माझ्या बाजूनं आला. लाईट आली, पण मशीन रिकामं झालं होतं. कॅसेट पुन्हा उतरवायला हवी होती आणि ते बटण साहेबांना कधीच जमलं नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग दार उघडलं. "साळवे, जरा ये."

मी बटण लावलं. रातकिडे ओरडले. प्रोग्रॅम उतरला. मालक म्हणाले, "थांबा, आधी बघू तरी आत काय आहे." मी ओळी पडद्यावर आणल्या. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय, HALVA?"

साहेब पडद्याकडे वाकले. "हलवा, सर. मोहरा हलवा."

"मराठीत! वा! आणि हे GARVA?"

टोपण निघालं, लागलं. "गर्व... म्हणजे, मोठ्या मोहऱ्यांच्या चाली असाव्यात."

"असाव्यात?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. कागदावर सही अजून व्हायची होती, आणि ज्यांनी ती करायची त्यांची चूक मी मालकांसमोर दाखवणार होते. पण गर्व? आईच्या भाताला?

"हलवा नाही साहेब," मी म्हटलं. "हळवा. या मशीनला ळ येत नाही."

मालक हसले. "हळवा? म्हणजे रडका? मशीन रडतं की काय?"

"भात, साहेब. लवकर पिकतं ते हळवं. ते आधी कापतात, नाहीतर पावसात जातं. उशिरा पिकतं ते गरवं."

"आणि गरवं सोडून देतात?" हे खरे साहेबांनी विचारलं. हळू, माझ्याकडे बघत.

"नाही साहेब. गरवं कुणी सोडत नाही. ते मागून कापतात."

मालकांना मजा वाटली. त्यांनी 'हळवा, गरवा' दोनतीनदा म्हणून बघितलं आणि पुन्हा पटाकडे वळले. ते हरले की जिंकले, मला आठवत नाही.

साहेब मालकांना माझं नाव सांगणार होते की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. गर्दी नको म्हणजे खरोखरच गर्दी नको, एवढाच अर्थ असेल, नसेलही. मी पहिलाच संशय धरला आणि पुढं बघितलं नाही. पुढं त्याच लॅबमध्ये माझी सारी नोकरी झाली, साहेब पुण्याला परत गेले, पण मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. परतीचा पाऊस आला की त्यांच्यावर थोडा संशय येतो आणि थोडी मायाही वाटते. दोन्हींना सारखेच गुण पडतात. मग कधी एक आधी भेटतं, कधी दुसरं.

त्या संध्याकाळी मालकांची गाडी गेली. पाऊस उघडला होता. मी कॅसेट काढून तिच्या डबीत ठेवत होते. साहेब दारात उभे होते.

"मी तुला विचारलं होतं ना, साळवे. मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही 'कुणाकडून आणलंस' असं विचारलं होतं, साहेब."

बाहेर कारखान्याची बस हॉर्न वाजवायला लागली होती. त्यांनी पेन खिशात ठेवलं. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या यादीतली सगळी नावं संपली होती.

"हे तुम्ही केलंत?"

मी म्हटलं, "हो."